चार जोड्या, एक टेबल: संगणकाचे स्पीकर निवडताना आणि तपासताना

टेबल चार फूट बाय दोन फूट, प्लायवूडवर सनमायका, मागची कड भिंतीला टेकलेली. मधोमध २४ इंची मॉनिटर. खोली दहा बाय दहा, छत नऊ फुटांवर. मुंबई-पुण्याच्या कितीतरी घरांत संगणक असाच कोपऱ्यात मांडलेला असतो, म्हणून तपासणीसाठी आम्ही हीच मांडणी धरली. तिच्यावर आळीपाळीने चार प्रकार लावले: यूएसबीवर चालणारी दोन इंची जोडी, छोटे सॅटेलाईट (बाजूचे दोन स्पीकर) आणि जमिनीवर ठेवायचा, खालचे सूर वाजवणारा सबवूफर असा २.१ संच, लाकडी खोक्यातली चार इंची २.० (सबवूफर नसलेली) जोडी आणि साडेतीन इंची स्टुडिओ मॉनिटरची, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या कामासाठी बनवलेल्या स्पीकरची, जोडी. यातला एकही महागड्या हाय-फायचा नाही. रोज आठ-दहा तास संगणकापुढे बसणारा माणूस जे विकत घेतो, तेवढंच.

सुरुवात वॉटपासून, कारण दुकानदार पहिल्यांदा तेच सांगतो. पीएमपीओ (क्षणभराची कमाल ताकद) हा शब्द दिसला की तो आकडा सोडून द्यायचा. तो कुठल्याही ठरलेल्या पद्धतीने मोजलेला नसतो. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, पाहायचा, आणि तो किती डिस्टॉर्शनला (आवाजाच्या विकृतीला) मोजला आहे तेही पाहायचं. १० टक्के डिस्टॉर्शनला मोजलेला वॉट म्हणजे आवाज फाटायला लागल्यानंतरचा वॉट. स्वस्त यूएसबी स्पीकरमध्ये नेहमी दिसणारी पीएएम ८४०३ ही चिप ३ वॉट अधिक ३ वॉट म्हणून ओळखली जाते. तो आकडा ४ ओहमवर, १० टक्के डिस्टॉर्शनला आहे. यूएसबी स्पीकरची मर्यादा तर सरळ गुणाकाराने कळते. यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिॲम्पियर देतो, म्हणजे २.५ वॉट. यूएसबी ३.० चा ९०० मिलिॲम्पियर देतो, म्हणजे ४.५ वॉट. एकाच साध्या पोर्टवर चालणाऱ्या जोडीवर ‘२० वॉट’ छापलं असेल, तर ते वॉट कुठून येणार? क्रिएटिव्ह पेबलच्या पहिल्या आवृत्तीवर ४.४ वॉट आरएमएस लिहिलेलं असतं. असा छोटा आणि पटणारा आकडा दिसला की बरं वाटतं.

आणि टेबलावर वॉट लागतात तरी किती? स्पीकरची संवेदनशीलता एका वॉटला एका मीटरवर ८५ डेसिबल धरा. कान ७० सेंटिमीटरवर असेल तर तिथे साधारण ८८ डेसिबल मिळतात. काम करताना ७५ डेसिबलही मोठेच वाटतात, आणि त्यासाठी वॉटाचा विसावा भाग पुरतो. संगीतातली एखादी जोरकस थाप सरासरीपेक्षा २० डेसिबल वर गेली, तरी ५ वॉटमध्ये ती भागते. त्यामुळे एडिफायर आर १२८० टी चे २१ अधिक २१ किंवा प्रीसोनस एरिस ई ३.५ चे बाजूला २५ वॉट टेबलासाठी भरपूर झाले. वॉटापेक्षा वूफरचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याचा, व्यास आणि खोक्याचं आकारमान जास्त सांगून जातं. एक सप्तक खाली तितकाच मोठा आवाज काढायला पडद्याला चौपट हलावं लागतं. दोन इंची पडद्याला तेवढी जागाच नसते.

‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ हा मजकूरही असाच. पुढे आवाजाचा चढउतार, अधिक-उणे ३ डेसिबल असा काही, लिहिलेला नसेल, तर त्याला अर्थ नाही.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा, पुण्याच्या तपकीर गल्लीत करा किंवा घरबसल्या. गर्दीच्या दुकानात, हॉर्नच्या आवाजात आणि शेजारी टीव्ही चालू असताना सूर पारखता येत नाही. तिथे हात आणि डोळे वापरायचे. व्हॉल्यूमचा नॉब अगदी सुरुवातीला, पाव वळणावर ठेवून दोन्ही बाजू सारख्या वाजतात का पाहा. स्वस्त पॉटमध्ये (नॉबमागच्या सुट्या भागात) खालच्या टोकाला एक बाजू जवळजवळ बंद असते, आणि टेबलावर ऐकताना नॉब नेमका तिथेच राहतो. फिरवताना खरखर येते का? चालू-बंद करताना ‘धप्प’ किती जोरात होतं? वूफरच्या कडेची रिंग रबराची आहे की फोमची? कोकण किनारपट्टीच्या दमट हवेत फोम काही वर्षांत भुगा होऊन गळतो, रबर टिकतो. दोन स्पीकरना जोडणारी वायर साध्या स्प्रिंग-क्लिपमध्ये बसते की कंपनीच्या खास पिनेत? खास पिनेची वायर तुटली तर नवी मिळत नाही, साधी वायर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळते. लांबीही मोजा. काही २.१ संचांत सॅटेलाईटची वायर कायमची जोडलेली आणि आखूड असते. मग टेबलाच्या दोन्ही कडांना स्पीकर पोचत नाहीत, किंवा सबवूफर तुमच्या पायाशीच ठेवावा लागतो.

घरी आणल्यावर पहिली तपासणी गाणं न लावता. रात्री अकरानंतर, पंखा बंद करून. आधी स्पीकरला फक्त वीज द्यायची, ऑडिओची वायर जोडायची नाही, नॉब पूर्ण वर. ट्विटरजवळ (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या पडद्याजवळ) कान नेला की थोडी ‘श्श’ बहुतेक ॲक्टिव्ह, म्हणजे आतच ॲम्प्लिफायर असलेल्या, स्पीकरमध्ये येतेच. प्रश्न असा की ६० सेंटिमीटरवर, तुमच्या खुर्चीत ती ऐकू येते का. आमच्या चारांपैकी एका जोडीची येत होती. दिवसा ती कळत नव्हती, रात्री वाचताना डोक्यात बसायची. हा दोष नॉब खाली करून जात नाही, कारण तो नॉबच्या पुढच्या ॲम्प्लिफायरमधला असतो. अशी जोडी बदलून घ्यायची, तीही परतीची मुदत संपायच्या आत.

मग वायर जोडून दुसऱ्या टोकाला बॅटरीवर चालणारा मोबाइल लावायचा, चार्जर काढून. इथे शांतता असेल आणि संगणक जोडल्यावर घुमणारा आवाज आला, तर स्पीकर निर्दोष आहे. ५० आणि १०० हर्ट्झची ती गुणगुण ग्राउंड लूपची: संगणकाचं अर्थिंग एका वाटेने, स्पीकरचं दुसऱ्या वाटेने, आणि दोघांना जोडणारी ऑडिओ वायर. दोन्ही प्लग एकाच स्पाईक गार्डमध्ये लावले की बऱ्याचदा ती जाते. नाही गेली तर ऑडिओ वायरीत ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर लावा, किंवा मदरबोर्डवर ऑप्टिकल पोर्ट आणि स्पीकरला ऑप्टिकल इनपुट असेल तर ते वापरा. ऑप्टिकल वायरीतून वीज जातच नाही, त्यामुळे लूप तयार होत नाही. थ्री-पिनची जाड अर्थ पिन कापायची नाही. गुणगुण थांबते खरी, पण आत काही बिघडलं की पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये २३० व्होल्ट येऊ शकतात. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर स्पीकर सोडून आधी घराचं अर्थिंग पाहा. मल्टीमीटरवर फेज आणि अर्थ यांत २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टांच्या आत यायला हवेत. हे मोजमाप सवय नसेल तर वायरमनकडूनच करून घ्या.

माउस हलवला किंवा पान सरकवलं की ‘चिर्र’ असा बारीक आवाज येतो, तो वेगळा. तो ग्राफिक्स कार्डाचा आणि यूएसबीचा गोंगाट. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये जास्त येतो, कारण तिथली वायर कार्डाच्या अंगावरून जाते. मागच्या हिरव्या जॅकमध्ये कमी होतो. तरी राहिला तर यूएसबीचा छोटा डॅक (बाहेरून लावायचं साउंड कार्ड) लावून पाहा, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर यूएसबी आयसोलेटर.

स्टुडिओ मॉनिटर जोडताना एक चूक इतकी सर्रास होते की ती सविस्तर सांगायला हवी. त्यांच्या मागे ६.३५ मिमीचं बॅलन्स्ड (दोन तारांतला फरक वाजवणारं) भोक असतं. संगणकाचा ३.५ मिमी स्टिरिओ जॅक आणि दोन्ही टोकांना तीन कड्यांची पिन असलेली वायर, असं जोडलं की स्पीकर डाव्या आणि उजव्या बाजूतला फरक वाजवतो. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं एकमेकांना खोडून टाकतं. गायकाचा आवाज मधोमध असतो, त्यामुळे गायक गायब होतो आणि मागचा वाद्यमेळ तेवढा दूरून ऐकू येतो. स्पीकर खराब म्हणून परत पाठवला जातो, आणि चूक वायरीची असते. लागते ती एका टोकाला ३.५ मिमी स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन सुट्या मोनो पिना असलेली वायर.

विंडोजमध्ये साउंडच्या सेटिंगात सगळ्या ‘एनहान्समेंट’ आणि ‘स्पेशियल’ बंद, फॉरमॅट २४ बिट ४८,००० हर्ट्झ. संगणकाचा व्हॉल्यूम ८० ते १०० च्या दरम्यान ठेवून आवाज स्पीकरच्या नॉबने कमी-जास्त करायचा. उलट केलं तर गोंगाट तेवढाच राहतो आणि गाणं बारीक होतं.

आता ऑडॅसिटी उघडा. फुकट आहे. ‘जनरेट’मधून चर्प (खालून वर सरकत जाणारा सूर) घ्या, २० ते २०,००० हर्ट्झ, लॉगरिदमिक, ३० सेकंद, ॲम्प्लिट्यूड ०.३. त्याहून जास्त नको. संगीतात वरच्या पट्टीत फार कमी शक्ती असते. चर्पमध्ये ती तितकीच राहते आणि छोटा ट्विटर जळू शकतो. नॉब खाली ठेवून सुरू करा. आवाज खालून वर जात असताना कुठेतरी झणझण होईलच. त्याच ठिकाणचा स्थिर टोन तयार करा, समजा ११० हर्ट्झ, आणि तो चालू ठेवून टेबलावर हात फिरवा. आमच्याकडे झणझणणारी चीज निघाली ती पेनांचा डबा, दुसऱ्या वेळी मॉनिटरचं मागचं झाकण, तिसऱ्या वेळी खिडकीची ॲल्युमिनियमची स्लायडिंग पट्टी. सगळं धरून पाहिल्यावरही आवाज राहिला, तर स्पीकर हातात उचलून घ्या. तेव्हाही राहिला तर दोष स्पीकरचा: सैल स्क्रू, पडद्याला घासणारी आतली वायर, नाहीतर पोर्टमधून (खोक्याला हवेसाठी ठेवलेल्या भोकातून) फुसफुसणारी हवा.

पोलॅरिटी, म्हणजे वायरींचं अधिक-उणे बरोबर आहे का, हे पाहायला दोन्ही स्पीकर दहा सेंटिमीटरवर समोरासमोर ठेवून मोनो आवाज लावा. लाल वायर लालमध्ये असेल तर बेस भरदार होतो, उलटी असेल तर पोकळ. दहा सेकंदांचं काम आहे, आणि ‘या जोडीला बेसच नाही’ अशा तक्रारींमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

यापुढचं काम मांडणीचं. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि सगळ्यात जास्त फरकही इथेच पडला. स्पीकर नुसता टेबलावर ठेवला की त्याचा आवाज दोन वाटांनी कानाला येतो, एक सरळ आणि एक सनमायकावर आपटून. वूफरचा मध्य टेबलापासून ८ सेंटिमीटर, कान ४० सेंटिमीटर आणि दोघांत आडवं अंतर ६५ धरलं, तर सरळ वाट ७२.५ सेंटिमीटर होते आणि आपटलेली ८०.८. फरक सव्वाआठ-साडेआठ सेंटिमीटरचा. ज्या आवाजाची अर्धी लहर एवढी असते तो खोडला जातो, आणि हिशेबाने तो सुमारे २,००० हर्ट्झ येतो. बोलणं स्पष्ट कळण्यासाठी हीच पट्टी लागते. बातम्या ऐकताना निवेदक मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो, त्याचं एक कारण हे.

आपटण्याची जागा शोधायला छोटा आरसा घ्या. खुर्चीत बसून तो टेबलावर सपाट सरकवत जा. ज्या ठिकाणी आरशात वूफर दिसेल ती जागा. वरच्या मापांत ती स्पीकरच्या पुढे ११ सेंटिमीटरवर येते. तिथे जाड टर्किश टॉवेलची चौपदरी घडी ठेवून तीच बातमी पुन्हा ऐका. फरक कळला तर दोष टेबलाचा. टॉवेल ही फक्त चाचणी. कायमचा उपाय म्हणजे स्पीकर पुढे ओढून टेबलाच्या कडेपासून दहा सेंटिमीटरच्या आत आणणं, म्हणजे आपटायला टेबलच उरत नाही. खुर्ची तेवढी मागे घ्यायची. दुसरा उपाय उंचीचा. आम्ही ईव्हीए फोमचे योगा ब्लॉक वापरले. साधारण २३ बाय १५ बाय ७.५ सेंटिमीटरचे मिळतात, आडवे, कडेवर किंवा उभे ठेवता येतात, आणि स्पीकरची थरथर टेबलात उतरू देत नाहीत. उभे मात्र फक्त हलक्या स्पीकरखाली. ट्विटर कानाच्या पातळीला यायला हवा, नाहीतर स्पीकर मागे कलता करून त्याचं तोंड कानाकडे वळवायचं.

पण स्पीकर पुढे ओढला की भिंतीचं गणित बदलतं. मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज, स्पीकरच्या तोंडापासून भिंतीचं अंतर ज्याच्या पाव लहरीइतकं असतं त्या पट्टीला मारतो. २५ सेंटिमीटरला ३४३ हर्ट्झ, ५२ सेंटिमीटरला १६५. म्हणजे टेबल सुधारताना खड्डा खाली, पुरुषी आवाजाच्या आणि तबल्याच्या भागात सरकतो. दोन्ही एकदम साधत नाही. आमचा कौल टेबल सुधारण्याकडे गेला, कारण २,००० हर्ट्झचा खड्डा बोलण्यात लगेच खुपतो आणि १६५ चा बाकीच्या भिंती थोडाफार भरून काढतात. भिंतीजवळच ठेवायचे असतील तर मागे पोर्ट असलेल्या स्पीकरला निदान दहा सेंटिमीटर मोकळे द्या, आणि बेस फुगला तर पोर्टमध्ये फोमचा सैल बोळा घाला.

ट्विटरपासून ट्विटर ७५ सेंटिमीटर आणि प्रत्येकापासून कानही तेवढाच, असा त्रिकोण जमला की निवेदकाचा आवाज मॉनिटरच्या मधोमध उभा राहतो. चिकटपट्टीने टेबलावर खुणा करून ठेवल्या, म्हणजे प्रत्येक जोडी त्याच जागी बसते.

चारही जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी हवी. एक डेसिबलने मोठी वाजणारी जोडी ‘जास्त स्वच्छ’ वाटते, आणि ऐकणाऱ्याला कारण कळत नाही. ऑडॅसिटीतून पिंक नॉइज (प्रत्येक सप्तकात सारखी शक्ती असलेली ‘श्श’) तयार करून फिल्टरने ५०० ते २,००० हर्ट्झचाच पट्टा ठेवा, नाहीतर बेसवाली जोडी मापात फसवते. मोबाइलवरचं डेसिबलचं ॲप कानाच्या जागी धरून सगळ्या जोड्या ७० वर आणा. ॲपचा आकडा खरा नसला तरी चालतो, तुलना खरी असते. बेस मोजायला मात्र मोबाइल चालत नाही. त्यासाठी आरईडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर आणि यूमिक-१ सारखा कॅलिब्रेशन फाइलसह येणारा माइक.

ऐकायला काय लावायचं? आमचा पहिला नमुना मराठी बोलणं. ‘चार’ आणि ‘चारा’ मधला च वेगळा. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगणं, यातला ज वेगळा. तालव्य उच्चाराचं घर्षण साधारण ३ किलोहर्ट्झच्या आसपास, दंत्याचं त्याहून बरंच वर. ओळखीच्या माणसाच्या आवाजात असे शब्द ध्वनिमुद्रित करा आणि प्रत्येक जोडीवर लावा. मंद ट्विटरवर दोन्ही च एकमेकांजवळ येतात. भडक ट्विटरवर दंत्य च आणि स कानाला टोचतात. दोन इंची जोडीला वेगळा ट्विटर नव्हता. कान तिच्या रेषेत असताना फरक कळत होता, मान बाजूला नेली की पुसट व्हायचा.

मग तंबोरा. जवारीचा झंकार एकसंध सुटतो की त्यातला एखादा स्वर उगाच पुढे येतो, ते पाहायचं. मग तबला. डग्ग्याचा घुमार शंभर हर्ट्झच्या आसपास आणि खाली जातो. दोन इंचीवर थाप कळते, पण घुमाराची मींड खाली जाताना मध्येच सुटते. चार इंचीवर ती शेवटपर्यंत ऐकू आली. साडेतीन इंची मॉनिटरवर थोडी कमी, पण चाटेची आणि बोटांची स्वच्छता त्याच्यावर सर्वांत चांगली. २.१ वर घुमार मोठा आला आणि टेबलाखालून आला. सॅटेलाईट फार छोटे असले की सबवूफरला २०० हर्ट्झपर्यंत वाजावं लागतं. तिथवर आवाजाची दिशा कानाला कळते. डग्गा पायाशी आणि चाट समोर, असा तबला दोन तुकड्यांत ऐकू येतो. सबवूफर दोन सॅटेलाईटच्या मधोमध आणल्यावर आणि त्याचा नॉब निम्म्याच्या खाली घेतल्यावर तुकडे बरेचसे जुळले.

दहा बाय दहाच्या खोलीचं दुखणं सबवूफर उघड करतो. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, त्याची मूळ घुमण ५६ हर्ट्झला. लांबी-रुंदी सारखी असल्याने ती दुप्पट, वर नऊ फुटी छताची ६३ ला. भिंतीला डोकं टेकवलं की ५६ हर्ट्झ बदाबदा येतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे बेस कमी वाटला तर नॉब वाढवण्याआधी खुर्ची फूटभर मागेपुढे करून पाहा. अशा खोलीत बहुतेकांना सबवूफरची गरज नाही, असं आमचं ठाम मत झालं. खालच्या मजल्यावर जाणारा आवाज त्याचाच असतो.

ब्लूटूथ गाण्यांसाठी ठीक. साध्या एसबीसी कोडेकवर (ब्लूटूथच्या आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीवर) दीड-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो, त्यामुळे व्हिडिओ संपादन आणि खेळ यांसाठी वायरच. आणि स्पीकरला आपोआप झोपी जाण्याची सोय असेल तर हळू आवाजात अर्धा तास चालवून पाहा. काही जोड्या बारीक आवाजाला आवाजच धरत नाहीत आणि पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडतात. मागे बंद करायचं बटण आहे का, हे घेतानाच पाहिलेलं बरं.

शेवटी टेबलावर राहिली ती चार इंची २.० जोडी. कडेवर ठेवलेल्या ब्लॉकवर, टेबलाच्या पुढच्या कडेपासून आठ सेंटिमीटर आत, तोंडं किंचित कानाकडे. उरलेला फुगवटा इक्वलायझर एपीओ या सॉफ्टवेअरने काढला: क्यू (पट्ट्याची रुंदी ठरवणारा आकडा) १.४, उणे ३ डेसिबल. फुगवटा कापायचा, खड्डा भरायचा नाही. ५० हर्ट्झला ६ डेसिबल वाढवले तर ॲम्प्लिफायरकडे चौपट वॉट मागितले जातात, आणि चार इंची पडदा टोकाला आपटून टकटक करायला लागतो.